चार पेन्सांत नऊ पेन्स

सक्ती हा शब्द कानीं पडतांच सुशिक्षित माणूस किंचित् सावरून बसतो. देवी टोंचणें सक्तीचें झालें तेव्हां लोकांनीं मुलें लपविलीं. शिक्षण सक्तीचें झालें तेव्हां गुरें राखावयास कोण जाणार म्हणून कुरकुर झाली. परंतु त्या दोन्ही वेळीं सरकार कांहीं तरी पदरांत टाकीत होतें. "तूं आज धडधाकट आहेस, पण केव्हां तरी आजारी पडशील, म्हणून दर आठवड्याला तुझ्या मजुरींतून इतके पैसे कापून घेतों," असें सरकार म्हणूं लागलें म्हणजे मामला निराळा होतो. निरोग्यानें रोग्यासाठीं वर्गणी कां द्यावी? काटकसरीनें राहणाऱ्यानें उधळ्याचा भार कां उचलावा? आणि आजार हा जर कोणाच्या दुर्गुणांची शिक्षा नव्हे, तर त्याचें ओझें ज्याचें त्यानें एकट्यानें तरी कां वाहावें? विम्याचा वार्षिक हप्ता भरण्याची वेळ आली म्हणजे आमच्या घरांतूनहि हे प्रश्न निघतात. "गेल्या सालीं दवाखान्याची पायरीहि चढलों नाहीं, मग पैसे कशाला भरावयाचे?" असें कोणी तरी म्हणतें, आणि दुसरें कोणी तरी शेजारच्या घरांतील शस्त्रक्रियेच्या बिलाचा आंकडा सांगून त्याला गप्प करतें.

हाच वाद ब्रिटननें १९११ सालीं अगदीं चव्हाट्यावर येऊन घातला. त्यांत केवळ मंत्री आणि पंडित नव्हते. मोलकरणी होत्या, त्यांच्या मालकिणी होत्या, शेतकरी होते, गल्लीबोळांतले डॉक्टर होते, आणि एक पांढरी गायहि होती. ती हकीकत आम्ही येथें सांगत आहों ती नुसत्या इतिहासाच्या हौसेनें नव्हे. कायदा कोणाचें भलें करतो आणि कोणाला विसरतो, हें कायदा करणाऱ्याच्या हेतूपेक्षां त्या वादांत कोणाचा आवाज ऐकूं आला यावर अधिक अवलंबून असतें, असें आम्हांस या हकीकतीवरून दिसतें; आणि हा धडा पुष्कळ फिरून अखेर आमच्याच उंबरठ्यापाशीं येतो.

सक्तीच्या आजार-विम्याची मूळ कल्पना ब्रिटनची नव्हे. जर्मनींत बिस्मार्कनें १८८३ सालीं असा कायदा प्रथम केला. आजारासाठीं जमवावयाच्या वर्गणीचे दोन भाग कामगारानें व एक भाग मालकानें द्यावा, असा त्याचा नियम होता. बिस्मार्कच्या अंतःकरणांत मजुरांविषयीं एकाएकीं करुणा उत्पन्न झाली होती असें कोणी समजूं नये. त्यानेंच १८७८ सालीं समाजवाद्यांच्या सभा व वर्तमानपत्रें बंद करणारा कायदा केला होता. एका हातांत छडी आणि दुसऱ्या हातांत खाऊ, असें तें राजकारण होतें. परंतु खाऊ खोटा नव्हता. १९०८ सालीं लॉइड जॉर्ज हे ब्रिटनचे नवे अर्थमंत्री जर्मनीस जाऊन ही व्यवस्था पाहून आले, आणि आपल्या देशांत असें कां नसावें हा प्रश्न मनांत घेऊनच परतले. त्यांचे वडील ते तान्हे असतांनाच फुप्फुसाच्या दाहानें वारले होते, आणि वेल्समधील एका खेड्यांत जोडे शिवणाऱ्या मामाच्या घरीं ते वाढले होते. कर्ता माणूस अंथरुणाला खिळला म्हणजे घराचें काय होतें, हें त्यांना कोणाच्या अहवालांत वाचावें लागलें नाहीं.

त्या काळच्या ब्रिटिश मजुराजवळ आजारासाठीं काय होतें? थोडी बरी मजुरी मिळविणारे लक्षावधि लोक परस्पर-साहाय्यक मंडळ्यांचे सभासद असत. दर आठवड्यास कांहीं पेन्स भरावे, आणि अंथरूण धरलें म्हणजे मंडळीनें थोडी रक्कम व आपला ठरीव डॉक्टर द्यावा, अशी ती व्यवस्था होती. या मंडळ्यांचा तेथील मजुरांस मोठा अभिमान होता. कारण त्या त्यांनीं स्वतः काढल्या होत्या, त्यांत सरकारचा हात नव्हता. परंतु ज्यांची मजुरी आज आहे आणि उद्यां नाहीं, त्यांना ही वर्गणी झेपत नसे. असे लोक एका गोष्टीचा विमा मात्र न चुकतां उतरवीत. ती म्हणजे मृत्यूची. खाजगी कंपन्यांचे हजारों एजंट दर आठवड्यास दारोदार फिरून एकेक पेनी गोळा करीत. कारण सरकारी खर्चानें भिकाऱ्यासारखें पुरलें जाणें यासारखी दुसरी बेअब्रू गरीब वस्तींत नव्हती. जगण्यासाठीं विमा नाहीं आणि पुरण्यासाठीं आहे, अशी ती विपरीत स्थिति होती.

४ मे १९११ रोजीं लॉइड जॉर्ज यांनीं आपलें विधेयक पार्लमेंटांत मांडलें. हिशेब सोपा होता. पुरुष कामगाराच्या मजुरींतून दर आठवड्यास ४ पेन्स कापावे, मालकानें ३ घालावे, सरकारनें २ घालावे. "चार पेन्सांत नऊ पेन्स" ही घोषणा यांतूनच निघाली. स्त्रियांची वर्गणी ३ पेन्स. अंगमेहनतीचें काम करणारे सर्व लोक, आणि इतरांपैकीं ज्यांची प्राप्ति वर्षास १६० पौंडांच्या आंत आहे ते, यांना हा विमा सक्तीचा. मोबदल्यांत आजारीपणीं पुरुषास आठवड्याला १० शिलिंग व स्त्रीस साडेसात शिलिंग, जास्तींत जास्त २६ आठवडे. डॉक्टर व औषध फुकट. क्षयरोग्यास आरोग्यधामांत जागा. आणि बाळंतपणास ३० शिलिंग. वर्गणी भरल्याची खूण म्हणून प्रत्येक कामगाराच्या कार्डावर मालकानें दर आठवड्यास एक तिकीट चिकटवावयाचें. १६ डिसेंबर १९११ रोजीं विधेयकाचा कायदा झाला, आणि १५ जुलै १९१२ पासून तिकिटें चिकटूं लागलीं. सगळें वादळ उठलें तें या एवढ्याशा तिकिटावरून.

पहिली आरोळी घराघरांतून आली. ब्रिटनमधील कामकरी स्त्रियांत घरकाम करणाऱ्या नोकर मुलींचा वर्ग सर्वांत मोठा होता, आणि त्यांनाहि हा कायदा लागू होता. २९ नोव्हेंबर १९११ रोजीं लंडनच्या अल्बर्ट हॉलमध्यें मालकिणी आणि मोलकरणी यांची एक प्रचंड सभा भरली. डेझार्टच्या काउंटेसबाई त्या सभेच्या सूत्रधार होत्या, आणि 'डेली मेल' या पत्रानें त्या चळवळीस भरपूर वारा घातला होता. तिकिटें जिभेनें ओलीं करण्याचा हलकेपणा आम्ही पतकरणार नाहीं, ही त्या सभेची प्रतिज्ञा. परंतु केवळ थट्टेवारी न्यावा असा हा आक्षेप नव्हता. मालकीण आणि मोलकरीण यांचें नातें घरगुती आहे. ती आजारी पडली तर आम्हीच तिचें करतों. त्यांत सरकारचें कार्ड, सरकारचें तिकीट आणि सरकारचा निरीक्षक कशाला, असें त्यांचें म्हणणें होतें. कांहीं घरांपुरतें तें खरेंहि होतें. मात्र ज्या घरांत आजारी मुलीस तिची पेटी हातांत देऊन वाटेला लावीत, त्या घरांचें काय, याचें उत्तर सभेनें दिलें नाहीं. शिवाय एक बारीक शंका आमच्या मनांत येते. मालकिणीच्या शेजारच्या खुर्चीवर बसून मोलकरणीनें वर केलेला हात कितपत तिचा स्वतःचा होता? दया आणि हक्क यांतला फरक ज्याला दया करावयाची असते त्याला दिसत नाहीं. ज्याला ती मागावी लागते त्यालाच तो दिसतो.

दुसरी आरोळी स्कॉटलंडच्या ईशान्य भागांतून आली, आणि तिचा नायक एक गाय ठरली. ॲबर्डीनशरमध्यें टरिफ या गांवाजवळ लेंड्रम नांवाच्या मळ्यावर रॉबर्ट पॅटर्सन नांवाचा शेतकरी होता. आमचे गडी मोकळ्या हवेंत राबतात, शहरच्या गिरणीवाल्यांइतके ते आजारी पडत नाहींत, मग शहरांतल्या आजाऱ्यांसाठीं आम्हीं वर्गणी कां भरावी, असें म्हणून त्यानें गड्यांच्या कार्डांवर तिकिटें लावण्याचें नाकारलें. न्यायालयानें दंड केला तो त्यानें भरला. पण थकलेली वर्गणी कांहीं दिली नाहीं. तेव्हां सरकारी अंमलदारानें त्याची पांढरी दुभती गाय जप्त केली. ९ डिसेंबर १९१३ रोजीं टरिफच्या चौकांत तिचा लिलाव मांडला, तों जमलेल्या जमावानें अंडीं आणि काजळीच्या पुड्या फेंकून सर्वांची दाणादाण उडविली, आणि त्या गोंधळांत गाय दावें तोडून आपल्या मळ्याकडे निघून गेली! पुढें ती ॲबर्डीन शहरीं नेऊन विकली. शेजारच्या शेतकऱ्यांनीं ती पुन्हा विकत घेतली आणि जानेवारी १९१४ मध्यें वाजतगाजत लेंड्रमला पोंचती केली. तिला पाहावयास हजारों लोक लोटले होते. आज टरिफमध्यें त्या गाईचा पुतळा उभा आहे. पॅटर्सनच्या युक्तिवादांतील खोंच मात्र ध्यानांत घेण्यासारखी आहे. ज्यांना धोका कमी, त्यांनीं वेगळें निघावें, असें तो म्हणत होता. पण ज्यांना धोका कमी ते सर्व वेगळे निघाले तर मागें फक्त आजारीच उरतात, आणि आजाऱ्यांनीं आजाऱ्यांचा विमा उतरविणें म्हणजे बुडत्यानें बुडत्याला धरणें होय. विमा सक्तीचा करण्याचें खरें कारण एवढेंच आहे.

तिसरा विरोध डॉक्टरांचा. आतांपर्यंत मंडळ्यांचे डॉक्टर माणशीं वर्षास चार शिलिंगांसारख्या क्षुल्लक मोबदल्यावर राबत, आणि मंडळीचे कारभारी त्यांना नोकराप्रमाणें वागवीत. नव्या कायद्यानें आपण कायमचे या कारभाऱ्यांच्या ताब्यांत जाणार, अशी धास्ती त्यांना वाटली. ब्रिटिश मेडिकल असोसिएशननें आपल्या सहा मुख्य मागण्या पुढें केल्या. रोग्यास आपल्या पसंतीचा डॉक्टर निवडतां यावा, वैद्यकीय कारभार मंडळ्यांच्या हातीं नसावा, मोबदला पुरेसा असावा, अशा त्यांतील कांहीं. १९१२ सालच्या अखेरीस डॉक्टर बहिष्काराच्या गोष्टी बोलत होते. लॉइड जॉर्ज यांनीं कारभार मंडळ्यांकडून काढून स्वतंत्र समित्यांकडे दिला आणि मोबदला औषधांसह माणशीं सुमारें नऊ शिलिंगांपर्यंत चढविला. तेव्हां हजारों डॉक्टरांनीं हलक्या पावलांनीं येऊन यादींत नांवें घातलीं, आणि जानेवारी १९१३ मध्यें वैद्यकीय मदत सुरू झाली. गरीब वस्तींतल्या डॉक्टरांस तर वर्षाची ठरीव प्राप्ति प्रथमच मिळूं लागली. डॉक्टर भांडले तें स्वतःसाठीं. परंतु त्या भांडणांतून रोग्याला डॉक्टर निवडण्याचा हक्क मिळाला, हें नाकारतां येत नाहीं.

डावीकडूनहि बाण सुटत होते. केर हार्डी, फिलिप स्नोडन, जॉर्ज लॅन्सबरी हे मजूर पक्षाचे पुढारी विचारीत, गरिबाच्या तुटपुंज्या मजुरींतून कापून गरिबालाच देणें यांत सरकारनें काय मोठें केलें? खर्च श्रीमंतांवरील करांतून करा. हिलेअर बेलॉक या लेखकानें १९१२ सालीं ग्रंथ लिहून असा इशारा दिला कीं, अशा कायद्यांनीं मजुराला सुरक्षितता मिळेल, पण तो कायमचा चाकर म्हणून कायद्यांत नोंदला जाईल. यावर लॉइड जॉर्ज यांच्या पक्षाचें उत्तर असें होतें कीं, ज्यानें वर्गणी भरली तो मदत मागावयास येतो तेव्हां त्याची मान खालीं नसते. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. करांतून आलेली मदत अर्थसंकल्पाच्या एका फटकाऱ्यासरशीं कमी करतां येते; आपल्या मजुरींतून कापलेल्या पैशावरचा हक्क इतक्या सहजासहजीं काढून घेतां येत नाहीं. परंतु वर्गणीवर उभारलेल्या हक्काच्या बाहेर, जो वर्गणी भरूं शकत नाहीं तो राहतो. आणि असा मनुष्य कोण होता?

ती कामगाराची बायको होती. या कायद्यानें एक कोटीहून अधिक माणसें विम्याखालीं आणलीं. पण गिरणींत जाणाऱ्या नवऱ्याला डॉक्टर मिळाला, घरांत राबणाऱ्या बायकोला नाहीं. मुलांना नाहीं. इस्पितळांतला उपचारहि सर्वसाधारणपणें त्यांत नव्हता. मूळ बेतांत विधवा व अनाथ मुलांसाठीं पेन्शन होतें. परंतु मृत्यूचा विमा उतरविणाऱ्या कंपन्यांना त्यांत आपल्या धंद्याचा घात दिसला. त्यांचे हजारों एजंट दर आठवड्यास प्रत्येक मतदाराच्या दारांत उभे राहत असत, हें पार्लमेंटच्या सभासदांस ठाऊक होतें. पेन्शन विधेयकांतून गळालें, तें १९२५ सालीं आलें. एजंटांना आवाज होता, विधवेला नव्हता. तिला त्या वेळीं मतहि नव्हतें.

एका जागीं मात्र हा नियम मोडला, आणि तो कसा मोडला हें पाहण्यासारखें आहे. विमेन्स कोऑपरेटिव्ह गिल्ड नांवाची कामगारांच्या गृहिणींची एक संस्था होती. मार्गरेट लुएलिन डेव्हिस या बाई तिच्या चिटणीस होत्या. बाळंतपणाची रक्कम विधेयकांत असावी म्हणून गिल्डनें खटपट केली. ती रक्कम आली, पण विमेदार नवऱ्याच्या हक्कानें. म्हणजे कळा बायकोनें सोसाव्या आणि तीस शिलिंग नवऱ्याच्या खिशांत पडावे! गिल्डनें चळवळ सोडली नाहीं, आणि १९१३ सालच्या दुरुस्तीनें ही रक्कम आईची मालमत्ता ठरली. पुढें १९१५ सालीं गिल्डनें आपल्या सभासद बायकांचीं बाळंतपणाविषयींचीं पत्रें पुस्तकरूपानें प्रसिद्ध केलीं. पोटांत मूल असतां शेवटच्या दिवसापर्यंत केलेलें धुणें, नवऱ्याला व मुलांना वाढून आपण अर्धपोटीं राहणें, गेलेलीं मुलें, आयुष्यभराचीं दुखणीं, हें सर्व त्यांत साध्या शब्दांनीं आलें आहे. आमच्या भाषेंत यासाठीं एक फार अचूक शब्दप्रयोग आहे: दुखणें अंगावर काढणें. घराघरांतून बायका काय अंगावर काढीत होत्या, तें सरकारला प्रथमच वाचावयास मिळालें.

तरीहि त्या बायकांना आपला हक्काचा डॉक्टर मिळण्यास १९४८ साल उजाडावें लागलें. १९४२ सालच्या डिसेंबरांत, महायुद्धाच्या ऐन धुमाळींत, बेव्हरिज यांचा अहवाल निघाला आणि लोकांनीं तो रांगा लावून विकत घेतला. त्यानंतर मजूर सरकारचे आरोग्यमंत्री अनायरिन बेव्हन यांनीं ५ जुलै १९४८ रोजीं राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू केली. बेव्हन स्वतः लहानपणीं वेल्सच्या कोळशाच्या खाणींत उतरलेले. त्यांच्या ट्रेडेगार गांवांत कामगारांनीं वर्गणी काढून जवळजवळ सर्व गांवाच्या वैद्यकीय मदतीची सोय पूर्वींच केली होती. नव्या सेवेंत मुख्यतः करांच्या पैशांतून सर्वांना उपचार, कार्ड नाहीं, तिकीट नाहीं. याहि वेळीं डॉक्टरांनीं मतदान करून फार मोठ्या बहुमतानें विरोध केला, आणि याहि वेळीं अखेर ते आले. सेवा सुरू झाल्यावर वर्षानुवर्षें अंगावर काढलेलीं दुखणीं घेऊन गृहिणी डॉक्टरांच्या दारीं आल्या. १९११ सालच्या हिशेबांत जें ओझें कोणी मोजलेंच नव्हतें, तें त्या दिवसांत प्रथम तराजूंत पडलें.

आतां आपल्या घराकडे वळूं. हा वाद मुंबईसहि नवा नव्हता. १९२८ सालीं मुंबईच्या कायदेमंडळांत गिरणींतील स्त्रियांना बाळंतपणाची रजा व मदत देण्याचें विधेयक आलें, तेव्हां डॉ. आंबेडकर यांनीं त्यास पाठिंबा दिला. बाळंतिणीस विसांवा मिळणें हें राष्ट्राच्या हिताचें आहे, आणि म्हणून या खर्चाचा मोठा भाग सरकारनें उचलणें रास्त आहे, असें त्यांचें मत होतें. १९२९ सालीं तो कायदा झाला. भार मात्र मालकावर पडला. पुढें १९४३ सालीं प्रा. बी. पी. आदारकर यांच्याकडे औद्योगिक कामगारांच्या आजार-विम्याची योजना आंखण्याचें काम आलें, १९४४ सालीं त्यांचा अहवाल आला, आणि त्यांतून एप्रिल १९४८ मध्यें राज्य कामगार विम्याचा कायदा झाला. म्हणजे ब्रिटनची आरोग्यसेवा सुरू होण्यापूर्वीं तीनच महिने! १९५२ सालीं योजना कानपूर व दिल्ली येथें आणि १९५४ सालीं मुंबईंत सुरू झाली. येथेंहि प्रथम उपचार मिळाला तो गिरणींत जाणाऱ्यालाच. कुटुंबियांसाठीं ती सोय १९५८ पासून पायरीपायरीनें होत गेली. लालबाग-परळच्या चाळींतील बायकोनेंहि टरिफच्या किंवा मँचेस्टरच्या बायकोप्रमाणें आपली पाळी येईपर्यंत वाट पाहिली.

आणि अल्बर्ट हॉलमधील ती मोलकरीण? ब्रिटनमध्यें एवढा कोलाहल होऊनहि १९१२ सालीं तिला तिचें कार्ड मिळालें. आमच्या १९४८ सालच्या कायद्यानें सुरुवात कारखान्यांपासून केली. स्वयंपाकघरांत भांडीं घासणारी बाई त्यांत नव्हती. घरकामगारांसाठीं कल्याण मंडळाचा कायदा महाराष्ट्रानें केला तो २००८ सालीं. आम्हां मध्यमवर्गीयांस याची टोंचणी फारशी लागली नाहीं, कारण आम्हांसहि अल्बर्ट हॉलमधील बायांप्रमाणें प्रामाणिकपणें वाटतें कीं, आमची बाई आजारी पडली तर आम्ही बघूं. बघतोंहि; सणाला लुगडें देतों, तापाला गोळी देतों, मोठें दुखणें निघालें तर पांचशें रुपये उसने देतों. पण ती आठ दिवस आली नाहीं तर त्या दिवसांचा पगार कापावा कीं नाहीं, यावर घरांत जी कुजबूज होते ती प्रत्येकानें आपल्या मनाशीं आठवावी.

विम्याचा हप्ता भरतांना "गेल्या सालीं आजारीच पडलों नाहीं" असें म्हणणारा मनुष्य टरिफच्या पॅटर्सनचा चुलतभाऊ आहे, आणि "आमचें आम्ही बघूं" असें म्हणणारी बाई डेझार्टच्या काउंटेसबाईंची मैत्रीण आहे. ते दोघे वाईट नाहींत. दोघांच्याहि बोलण्यांत थोडें खरें आहे. म्हणूनच त्यांचें ऐकावें. पण त्यांच्या मागें दाराआड जी उभी आहे, तिलाहि आंत बोलावून तिला काय म्हणावयाचें आहे तें विचारल्याशिवाय वाद मिटला असें समजूं नये.